भुतं, आजी आणि कान महोत्सव : आग्नेय आशियाचा सिनेमा एवढा का गाजतोय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात संतोष डावखर यांना ‘गोंधळ’साठी सर्वोत्तम दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. मराठी चित्रपटाला मिळालेला मान, त्यामुळे आपल्याकडे कौतुक झालं ते योग्यच. पण त्याच महोत्सवाचा सर्वांत मोठा पुरस्कार, सुवर्ण मयूर, कुणाला गेला हे पटकन सांगता येईल? तो गेला व्हिएतनामला. अ‍ॅश मेफेअर या दिग्दर्शिकेच्या ‘स्किन ऑफ यूथ’ला. नव्वदच्या दशकातलं सायगाव, देह विकून शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवणारी एक पारलिंगी तरुणी आणि पिंजऱ्यातल्या झुंजी खेळणारा तिचा प्रियकर, अशी ती गोष्ट आहे.

व्हिएतनाम म्हटलं की अमेरिकेनं काढलेले युद्धपट आपल्याला आठवतात. व्हिएतनामनं स्वतः काढलेला एकही चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला नसतो. आणि तरी गेल्या काही वर्षांत तिकडच्या बातम्या सारख्या कानावर येतात. थायलंडचा एक घरगुती चित्रपट ऑस्करच्या यादीत पोचला. इंडोनेशियात एका भयपटाची नव्वद लाखांहून जास्त तिकिटं खपली. फिलिपिन्सची एक प्रेमकथा अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात तिकीटबारीवरच्या पहिल्या दहांत आली. हे सगळं एकाएकी कुठून आलं?

माझं उत्तर असं, की इथे दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि आपण त्यांना एकाच नावानं हाक मारतो. एक घडतेय त्यांच्या घरच्या थेटरांत, दुसरी युरोपातल्या महोत्सवांत. दोन्हीकडचे चित्रपट बहुधा वेगळे, काढणारी माणसं वेगळी, पैसाही वेगवेगळ्या खिशांतून येणारा. कधी कधी तर एकीकडे गाजलेला चित्रपट दुसरीकडे दाखवताच येत नाही.

आधी नकाशा

आग्नेय आशिया म्हणजे म्यानमारपासून इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंतचे अकरा देश. लोकसंख्या सत्तर कोटींच्या घरात, त्यातली अठ्ठावीस कोटींच्या आसपास एकट्या इंडोनेशियात. इंडोनेशिया आणि मलेशिया मुस्लिमबहुल, थायलंड, कंबोडिया, लाओस, म्यानमार बौद्ध, फिलिपिन्स कॅथलिक. व्हिएतनामात कम्युनिस्ट पक्षाची एकपक्षीय राजवट, ब्रुनेईत सुलतान. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या भाषा जवळच्या आहेत, पण जाकार्ताच्या माणसाला थाई चित्रपट पाहायचा तर तुमच्या-माझ्यासारखीच उपशीर्षकं वाचावी लागतात.

तेव्हा ‘आग्नेय आशियाई सिनेमा’ असा एक सिनेमा नाही. महोत्सववाल्यांनी आणि आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी बांधलेली ती मोट आहे. पुढे मी ती वापरणार आहे, कारण दुसरा इलाज नाही.

आपला त्याच्याशी काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा बराच जुना. सिंगापुरात बनलेला पहिला मलय बोलपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९३३-३४ चा ‘लैला मजनून’. त्याचे दिग्दर्शक होते बी. एस. राजहंस, भारतीय. पुढे शॉ बंधूंनी सिंगापूरच्या जालान अंपास रस्त्यावर स्टुडिओ चालवला तेव्हा दिग्दर्शनासाठी भारतातून माणसं बोलावली. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये ‘स्ट्रीट सिंगर’ करणारे फणी मजुमदार त्यांतलेच. १९५६ मध्ये त्यांनी ‘हांग तुआह’ हा रंगीत मलय चित्रपट केला आणि त्यात नायक होता पी. रामली. नट, गायक, संगीतकार, दिग्दर्शक असं सगळं एकट्यानं निभावणारा हा माणूस मलेशियाचं दैवत आहे. त्याचे जुने चित्रपट पाहताना गाणं कुठे येणार हे आपल्याला आधीच कळतं, यात नवल नाही.

दुसरा धागा जाकार्तात सापडतो. इंडोनेशियाच्या चित्रपटधंद्यातली कित्येक मोठी घराणी सिंधी आहेत. मल्टिव्हिजन प्लसचे राम पंजाबी, त्यांचे पुतणे आणि एमडी पिक्चर्सचे मनोज पंजाबी, रापी फिल्म्सचं समतानी कुटुंब. वर ज्या नव्वद लाख तिकिटांचा उल्लेख आला तो भयपट एमडी पिक्चर्सचाच.

तिसरा धागा तर तुमच्या घरापर्यंत आलेला आहे. २००४ चा थाई भयपट ‘शटर’ तमिळमध्ये ‘सिवी’ झाला, हिंदीत ‘क्लिक’. २००७ च्या थाई ‘अलोन’वरून कन्नड-तमिळ ‘चारुलता’ आला आणि २०१५ मध्ये बिपाशा बासूचा हिंदी ‘अलोन’. परीक्षेत कॉपी पुरवण्याचा धंदा करणाऱ्या हुशार मुलीचा ‘बॅड जीनियस’ २०१७ चा. त्यावरचा हिंदी ‘फर्रे’ २०२३ मध्ये लागला. म्हणजे थाई गोष्ट तुम्ही पाहिलेली असण्याची शक्यता बरीच आहे, फक्त ती थाई आहे हे पोस्टरवर नव्हतं.

घरच्या तिकीटबारीवर काय घडलं?

इथे इंडोनेशियाचं उदाहरण घेतो, कारण चढ-उतार तिथे सर्वांत ठळक दिसतात.

नव्वदच्या दशकात इंडोनेशियाचा सिनेमा जवळजवळ मेला होता. टीव्हीवर खासगी वाहिन्या आल्या, थेटरांत हॉलिवूड आणि हाँगकाँग, त्यात १९९७-९८ चं आर्थिक संकट. वर्षाला बनणारे देशी चित्रपट बोटांवर मोजण्याइतके उरले. १९९८ मध्ये सुहार्तोची राजवट कोसळली आणि दोनेक वर्षांत नव्या मुलांनी नवे चित्रपट आणले. २००० चा लहान मुलांचा संगीतपट ‘पेतुआलांगान शेरिना’ आणि २००२ ची कॉलेजवयीन प्रेमकथा ‘आदा आपा देंगान चिंता?’ यांनी तरुणांना पुन्हा थेटरात आणलं.

पण थेटरंच फार कमी होती. अनेक वर्षं एकाच साखळीचं त्यांवर जवळजवळ राज्य होतं. २०१६ मध्ये सरकारनं या धंद्यात परदेशी भांडवलाला दार उघडलं. कोरियाची सीजीव्ही आधीच शिरली होती, मेक्सिकोची सिनेपोलिसही आली. हजाराच्या आसपास असलेले पडदे काही वर्षांत दोन हजारांच्या घरात गेले. मोठ्या शहरांपलीकडे, जिल्ह्याच्या गावांत मॉल आणि मल्टिप्लेक्स उभे राहिले. तिथला प्रेक्षक हॉलिवूडवर वाढलेला नव्हता. त्याला त्याच्या भाषेतलं, त्याच्या धर्माचं, त्याच्या गावच्या चालीरीतींचं काहीतरी हवं होतं.

मग कोविड आला. हॉलिवूडनं मोठे चित्रपट पुढे ढकलले, पुढे तिथल्या लेखक-नटांच्या संपांमुळे पुरवठा आणखी आटला. थेटरं उघडली तेव्हा पडदे रिकामे होते आणि ते देशी निर्मात्यांनी भरले. २०२२ मध्ये ‘केकेएन दी देसा पेनारी’ आला, तोच वरचा नव्वद लाख तिकिटांचा भयपट. ट्विटरवर एका टोपणनावाच्या माणसानं लिहिलेली ही गोष्ट. कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पोरं एका आडगावात राहायला जातात, आणि तिथल्या जंगलात जे करायचं नाही नेमकं तेच करतात. वाचणाऱ्यांनी ती आधीच एकमेकांना पाठवून पाठवून प्रसिद्ध केली होती. निर्मात्याला जाहिरातीचं अर्धं काम आयतं मिळालं. २०२५ मध्ये ‘जुंबो’ या देशी अ‍ॅनिमेशनपटानं एक कोटी तिकिटांचा आकडा ओलांडला. आज इंडोनेशियात विकल्या जाणाऱ्या तिकिटांपैकी निम्म्याहून जास्त तिकिटं देशी चित्रपटांची असतात.

मी सारखा तिकिटांचा आकडा देतोय, त्याचं कारण आहे. इंडोनेशियात यश मोजताना पैशांचा गल्ला सांगत नाहीत, किती माणसं आली ते सांगतात. ही पद्धत मला आपल्या ‘शंभर कोटी’ क्लबपेक्षा प्रामाणिक वाटते. तिकीट महाग केलं म्हणून प्रेक्षक वाढत नाहीत.

पण भुतंच का?

रास्त शंका आहे. इंडोनेशियाची कुठल्याही आठवड्याची चित्रपटांची यादी काढा, भयपट असणारच. थायलंडचंही फारसं वेगळं नाही.

पहिलं कारण साधं, पैसा. भयपटाला मोठा नट लागत नाही, परदेशात गाणी चित्रित करावी लागत नाहीत. एक जुनं घर, चार नवे चेहरे आणि चांगला ध्वनिमुद्रक एवढ्यावर काम होतं. पडला तर निर्माता बुडत नाही, आणि चालला तर पाच भाग निघतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही भुतं हॉलिवूडला काढता येत नाहीत. इंडोनेशियातलं पोचोंग म्हणजे कफनात बांधलेलं प्रेत. पुरताना गाठी सोडायच्या राहिल्या तर ते उठतं. कुंतीलानाक म्हणजे गरोदरपणी किंवा बाळंतपणात मेलेली बाई. थायलंडची क्रासू म्हणजे रात्री धडापासून सुटून आतड्यांसकट उडणारं बाईचं डोकं. जावाच्या खेड्यातल्या माणसाला पोचोंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या आजीनं ते केव्हाच सांगितलेलं असतं. आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते असं सांगणाऱ्या आज्या होत्याच की. मराठीत ही शिदोरी पुस्तकांत आणि ओसरीवरच्या गप्पांत भरपूर आहे, पडद्यावर मात्र तुरळक.

थायलंडची सर्वांत लाडकी भूतकथा माए नाकची. नवरा माक लढाईवर जातो, मागे ती बाळंतपणात मरते. तो परततो, ती घरातच असते, आणि तो तिच्याबरोबर सुखानं नांदू लागतो. गावकरी सांगून थकतात. एकदा वर घरात काम करताना तिच्या हातून लिंबू निसटून खाली जमिनीवर पडतं आणि ते उचलायला तिचा हात वरूनच लांबत खाली जातो, तेव्हा त्याला कळतं. बँकॉकच्या वाट महाबुट मंदिराच्या आवारात तिचं देऊळ आहे. लष्करातल्या सक्तीच्या भरतीची चिठ्ठी आपल्या नावानं निघू नये म्हणून लोक तिथे नवस बोलतात. लढाईनं तिचा संसार मोडला म्हणून. या कथेवर किती चित्रपट निघाले याची गणती नाही, पण २०१३ मध्ये ‘पी माक’नं तिची विनोदी प्रेमकथा केली आणि एक अब्ज बाटच्या वर धंदा केला. भीती, हसू आणि रडू एकाच तिकिटात.

या रांगेत कचरा खूप आहे हेही सांगायला हवं. दर यशस्वी भयपटामागे दहा असे असतात ज्यांत अंधार, किंचाळी आणि शेवटी मौलवी किंवा भिक्षू याखेरीज काही नसतं. पण त्याच मातीत जोको अन्वरसारखा दिग्दर्शकही उगवतो. एकेकाळी जाकार्तातल्या इंग्रजी दैनिकात चित्रपट समीक्षा लिहिणारा हा माणूस. लहानपणी ज्यानं त्याला घाबरवलं तो १९८० चा ‘पेंगाब्दी सेतान’ त्यानं २०१७ मध्ये नव्यानं काढला. बेचाळीस लाखांच्या आसपास तिकिटं खपली आणि बाहेरच्या देशांतही तो ‘सेटन्स स्लेव्हज’ या नावानं पोचला. आजारी आई, थकलेली देणी, नमाज सोडलेलं घर. भूत येण्याआधीच तिथे भीती वाटायला लागते.

आजीच्या इस्टेटीवर डोळा

भुतांपलीकडचं मोठं उदाहरण २०२४ चं. ‘लान मा’, इंग्रजीत ‘हाऊ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज’. बँकॉकमधलं चिनी वंशाचं थाई कुटुंब. शिक्षण सोडून घरी बसलेला नातू. सकाळी तांदळाची पेज विकणारी आजी, तिला कॅन्सर. आजीची सेवा केली तर घर आपल्या नावावर होईल या हिशेबानं नातू तिच्याकडे राहायला जातो. तिची मुलं-सुनाही आपापला हिशेब घेऊन येतात.

हा दिग्दर्शक पाट बूननितिपाटचा पहिलाच चित्रपट. आजीचं काम करणाऱ्या उषा सीमखुम सत्तरी ओलांडलेल्या आणि त्यांचाही पहिलाच. तरी हा चित्रपट थायलंडपुरता राहिला नाही. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स, व्हिएतनाम, सगळीकडे चालला. थेटरात शिरतानाचा आणि रडून बाहेर पडतानाचा चेहरा टिपून लोक टिकटॉकवर टाकू लागले. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या पंधराजणांच्या यादीत पोचलेला हा पहिला थाई चित्रपट.

यातली खरी बातमी ऑस्करची नव्हे. बातमी ही, की थाई चित्रपट पाहायला जाकार्ता आणि मनिलाची माणसं रांगेत उभी राहिली. आतापर्यंत हे देश एकमेकांकडे पाठ करून हॉलिवूड, हाँगकाँग आणि कोरियाकडे पाहत होते. शेजाऱ्याचं घर आपल्यासारखंच आहे हे त्यांना आता दिसायला लागलंय. म्हातारीची सेवा कुणी करायची आणि सातबारा कुणाच्या नावावर, हा प्रश्न मराठी घराला काही नवा नाही, त्यामुळे आपल्यालाही तो लगेच लागू पडतो.

फिलिपिन्सची गोष्ट थोडी निराळी. तिथली कोटीभर माणसं परदेशात आहेत. नर्स, खलाशी, घरकामगार. २०१९ चा ‘हॅलो, लव्ह, गुडबाय’ हाँगकाँगमधल्या अशाच दोघांची प्रेमकथा होती. त्याचा पुढचा भाग ‘हॅलो, लव्ह, अगेन’ २०२४ मध्ये कॅनडात घडला, आणि एक अब्ज पेसोंच्या पुढे गेलेला तो पहिला फिलिपिनो चित्रपट ठरला. अमेरिकेतल्या पहिल्या दहांत तो आला तो अमेरिकनांमुळे नव्हे, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब थेटर गाठणाऱ्या फिलिपिनो नर्सेसमुळे, असं मला वाटतं.

मग महोत्सवांचे चित्रपट कोण काढतं, कुणाच्या पैशानं?

आता दुसरी गोष्ट. २०१० मध्ये थायलंडच्या अपिचातपोंग वीरसेथकुलला ‘अंकल बूनमी’साठी फ्रान्सच्या कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला. हा मान मिळवणारा आग्नेय आशियातला तो पहिला. त्याच्या आधी १९७८ मध्ये लिनो ब्रोका फिलिपिन्सचा सिनेमा कानला घेऊन गेले होते, पण रस्ता रुळला तो या पुरस्कारानंतर. २०१३ मध्ये सिंगापूरच्या अँथनी चेनला पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर मिळाला. २०२३ मध्ये तोच व्हिएतनामच्या फाम थिएन आनला, तीन तासांच्या ‘इनसाइड द यलो कोकून शेल’साठी. २०२५ मध्ये मेलेली बायको व्हॅक्यूम क्लीनरमध्ये शिरून नवऱ्याकडे परतते अशा ‘अ यूजफुल घोस्ट’ या थाई चित्रपटानं कानच्या समीक्षक सप्ताहाचं पहिलं बक्षीस घेतलं. भूत तिथेही आहेच, बघा.

या चित्रपटांच्या शेवटी नावं पाहिली तर चार-पाच देशांचे झेंडे दिसतात. याला सहनिर्मिती म्हणतात. गावच्या हरिनाम सप्ताहाची वर्गणी जशी गोळा होते तशी ही चालते. कुणी रोख देतं, कुणी तांदूळ, कुणी मांडव, कुणी स्पीकर. पण ज्यानं स्पीकर दिला त्याचा पोरगाच तो लावणार, आणि मोठी वर्गणी देणाऱ्याचं नाव फलकावर वर येणार. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स निधी, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड, फ्रान्सच्या सरकारी चित्रपट संस्थेचा निधी, ही सगळी अशी वर्गणी. त्यातल्या काहींची अट असते की पैशाचा काही भाग आमच्या देशात खर्च करा: संकलन आमच्याकडे, ध्वनी आमच्या स्टुडिओत. मलेशियाच्या ‘टायगर स्ट्राइप्स’ला २०२३ मध्ये कानला बक्षीस मिळालं तेव्हा वर्गणीदार देश आठ होते.

यावरचा आक्षेप तुमच्या मनात आला असेल: पैसा युरोपाचा तर गोष्टही युरोपाला आवडणारी सांगावी लागत असणार. थोडंफार तसं आहे. मनिलाच्या झोपडपट्टीतली चिखल-रक्ताची दृश्यं परदेशी परीक्षकांसाठी रंगवतात ही तक्रार फिलिपिन्समध्येच जोरात होते. पण अलीकडे वर्गणी जवळपासही मिळू लागली आहे. बँकॉकची पुरिन पिक्चर्स ही संस्था आग्नेय आशियातल्या स्वतंत्र दिग्दर्शकांना पैसे देते. सिंगापूरचे निर्माते व्हिएतनाम, इंडोनेशिया, मलेशियाच्या नवख्या दिग्दर्शकांबरोबर उभे राहतात. सिंगापूरकडे पैसा आहे आणि गोष्टी कमी, शेजाऱ्यांकडे उलट.

बाहेर बक्षीस, घरी कात्री

आठ वर्गणीदारांच्या ‘टायगर स्ट्राइप्स’चं पुढे काय झालं ते पाहा. बारा वर्षांच्या मुलीला पाळी येते, वर्गातल्या मैत्रिणी तिला वाळीत टाकतात, आणि तिचं शरीर वाघिणीसारखं बदलू लागतं. मलेशियात तो लागला तेव्हा इतकी काटछाट झाली होती की दिग्दर्शिका अमांडा नेल यू हिनं जाहीर केलं, ही प्रत माझी नाही. गंमत म्हणजे मलेशियानं ऑस्करला पाठवलेला चित्रपटही हाच.

व्हिएतनामात अडचण याहून खोल आहे. दोन खाणकामगार तरुणांच्या प्रेमाचा ‘व्हिएत अँड नाम’ २०२४ मध्ये कानला दाखवला गेला आणि मायदेशात बंदी आली. देशाचं चित्र निराशाजनक रंगवलं, हे कारण. २०१९ मध्ये ‘रोम’ हा आकड्यांच्या जुगारात चिठ्ठ्या पोचवणाऱ्या पोराचा चित्रपट परवानगीआधीच कोरियातल्या बुसान महोत्सवात गेला. तिथे त्याला बक्षीस मिळालं आणि घरी चार कोटी डोंगचा दंड झाला. पुढे कापून-छाटून तो लागला, आणि चांगला चाललाही.

सुवर्ण मयूरवाल्या अ‍ॅश मेफेअरचा आधीचा ‘द थर्ड वाइफ’ २०१९ मध्ये चार दिवसांत थेटरांतून काढून घ्यावा लागला होता. तिथला वाद मात्र नुसता सरकारी नव्हता. जवळिकीच्या दृश्यांत काम करणारी मुलगी चित्रीकरणावेळी तेरा वर्षांची होती आणि लोकांनी त्यावर प्रश्न विचारले. दर विरोध म्हणजे कलेची गळचेपी, असं समजायचं कारण नाही.

आणि त्याच व्हिएतनामात २०२५ मध्ये सर्वांत जास्त धंदा केला ‘रेड रेन’नं. १९७२ च्या क्वांग त्रीच्या लढाईवरचा, लष्कराच्याच चित्रपट संस्थेनं काढलेला युद्धपट. गल्ला सातशे अब्ज डोंगांच्या पुढे. एकाच देशाचा एकाच वर्षातला हा एक चेहरा आणि गोव्यात बक्षीस घेणारा दुसरा. सुरुवातीला म्हटलेल्या दोन गोष्टी त्या ह्या.

थायलंडमध्ये अपिचातपोंगनं वेगळी वाट काढली. २००६ च्या चित्रपटातली काही दृश्यं सेन्सॉरनं कापायला सांगितली, तर त्यानं त्या जागी ओरखडे पडलेली काळी, मुकी फिल्म घातली. प्रेक्षकांना कात्री कुठे लागली ते दिसावं म्हणून. नंतर ‘मेमोरिया’ काढायला तो थेट कोलंबियाला गेला.

हे पुढचं कोरिया आहे का?

हा प्रश्न दर लेखात असतो. मला तो चुकीचा वाटतो. कोरियाकडे एक भाषा, एक सरकारी धोरण आणि सीजेसारख्या बलाढ्य कंपन्या होत्या. इथे अकरा धोरणं आहेत. उलट कोरियाच इथे कमावतंय: व्हिएतनामातल्या थेटरांची सर्वांत मोठी साखळी सीजीव्ही, म्हणजे सीजेचीच.

शिवाय बहर सगळीकडे नाही. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर कित्येक चित्रपटवाले तुरुंगात गेले किंवा देश सोडून गेले. कंबोडियात साठच्या दशकात शेकडो चित्रपट निघाले होते; ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्टांच्या १९७५ ते ७९ च्या राजवटीत नटही मारले गेले आणि फिल्मही नष्ट झाल्या. कंबोडियाचे दिग्दर्शक रिथी पान यांनी २०१३ मध्ये ‘द मिसिंग पिक्चर’ केला तेव्हा त्या काळाचं चित्रण दाखवायला राजवटीच्या प्रचारफिल्मांखेरीज हाती फारसं काही नव्हतं, म्हणून मातीच्या बाहुल्या केल्या. आग्नेय आशियातून आलेला मी पाहिलेला सर्वांत थोर चित्रपट कुठला असं विचारलंत, तर मी हे नाव घेईन.

मराठी चित्रपटानं यातून काय घ्यावं?

आपल्याकडे चर्चा नेहमी पडद्यांवर येऊन थांबते: मराठीला शो मिळत नाहीत. २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीसाठी वेळ राखायला सांगितलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला आठवत असेल. फिलिपिन्समध्ये १९७५ पासून मनिलाचा महोत्सव भरतो. २५ डिसेंबरपासून साधारण दोन आठवडे देशभरच्या थेटरांत महोत्सवासाठी निवडलेले फिलिपिनो चित्रपटच लागतात. ऐन सुट्टीत हॉलिवूडला रजा. कल्पना ऐकून हेवा वाटतो, पण त्या पंधरवड्यात थिल्लर विनोदपट खपवतात अशी टीकाही तिथे वर्षानुवर्षं होते.

इंडोनेशियाचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. तिथल्या २००९ च्या कायद्यात लिहिलंय की थेटरांनी साठ टक्के वेळ देशी चित्रपटांना द्यावा. कायदा झाला आणि अनेक वर्षं कागदावर राहिला. देशी चित्रपटांनी निम्मी बाजारपेठ ओलांडली ती पुढे, थेटरं जिल्ह्यांत गेली आणि तिथल्या माणसाला तिकीट काढावंसं वाटलं तेव्हा. मराठीची अडचण आणखी अवघड, कारण आपला स्पर्धक हिंदी. तो परका वाटत नाही. पण मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आज पडदेच किती आहेत, हा प्रश्न राखीव शोच्या आधी विचारायला हवा.

पाहायचं तर कुठून सुरू करू?

कुठला चित्रपट आज कुठल्या ओटीटीवर आहे हे दर महिन्याला बदलतं, शोधून घ्या. घरच्यांबरोबर बसायचं असेल तर ‘लान मा’. एकट्यानं, दिवे घालवून: ‘सेटन्स स्लेव्हज’. कॉलेजातल्या मुलांना ‘बॅड जीनियस’ द्या, ‘फर्रे’ पाहिलेला असला तरी. मोठ्या पडद्यावरच पाहायचं तर पुण्याचा पिफ, मुंबईचा थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव आणि गोव्याचा इफ्फी आहेत. तिथल्या वेळापत्रकात ‘व्हिएतनाम’, ‘इंडोनेशिया’ अशी नावं दिसली की खूण करून ठेवा. ‘यलो कोकून शेल’ मात्र पोटभर जेवून पाहू नका. फिलिपिन्सच्या लाव दियाझचे आठ-आठ तासांचे चित्रपट असतात, ते मी कुणालाच सुचवत नाही. ज्यांना पाहायचे असतात ते माझं ऐकत नाहीतच.